प्रकल्प नोंदी: ४८ मिनिटांचा तास, १२० फोन आणि चार पर्याय

१६ जून २०२५, सोमवार

तासात चार पर्यायांचे प्रश्न टाकायचे आणि विद्यार्थ्यांनी फोनवरून मत द्यायचे, ही सोय उभारायची आहे. वर्ग एफवायबीएस्सीचा, विषय भौतिकशास्त्रातले यांत्रिकी, पट १२०. तास ४८ मिनिटांचा. खोलीत ४० बाके, एका बाकावर तिघे. कॉलेजचे वायफाय ऑफिस आणि ग्रंथालयापुरते. या खोलीत मोबाइल डेटा खिडकीलगतच्या रांगेत धड चालतो, मधल्या रांगेत नुसते चाक फिरत राहते. त्यामुळे इंटरनेटवर चालणारी मतदानाची साधने पहिल्याच फेरीत बाद. सर्व्हर खोलीतच ठेवायचा, बाहेरच्या नेटशी त्याचा संबंध नाही, हे ठरले.

शिकवण्याची पद्धत नवी नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून ती वापरली: थोडे शिकवायचे, चार पर्यायांचा एक संकल्पनेचा प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने न बोलता मत द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचे. पहिल्या मतदानात बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांत असतील तरच चर्चा फळते. ३० च्या खाली असतील तर वाद घालायला कोणाकडेच काही नसते, पुन्हा शिकवावे लागते. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत समजावून पुढे जायचे.

मिनिटांचा हिशोब: शिकवणे ७, प्रश्न वाचून विचार दीड, मतदान १, चर्चा ३, दुसरे मतदान अर्धा, खुलासा १. एक फेरी १४ मिनिटांची. तीन फेऱ्यांचे ४२ झाले, उरलेली ६ हजेरी आणि बसाबसीला. यात तंत्रज्ञानाच्या वाट्याला फेरीमागे दीड मिनिट येते. त्याने तीन मिनिटे खाल्ली की कात्री नेहमी चर्चेवर चालते, कारण शिकवणे कोणी कापत नाही. म्हणून या प्रकल्पातला प्रत्येक तांत्रिक निर्णय एकाच कसोटीवर घ्यायचा: मतदान एका मिनिटात उरकते का?

१९ जून, गुरुवार

सामान. रास्पबेरी पाय ५ (तळहाताएवढा संगणक, हाच आपला सर्व्हर), ८ जीबी मेमरीचा. २४० जीबी एसएसडी यूएसबी खोक्यात. दोन वायफाय ॲक्सेस पॉइंट, दोन्ही ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारे. ५ पोर्टचा गिगाबिट स्विच. कॅट ६ केबल १५ मीटर आणि २ मीटर. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पण पायचा अडॅप्टर तिथून 'चालेल की' म्हणून दुसराच घेऊ नये. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ ॲम्पियरचा अडॅप्टर लागतो. ३ ॲम्पियरचा लावला तरी तो सुरू होतो, पण यूएसबीला मिळून ६०० मिलिॲम्पियरच देतो. एसएसडी लिहिताना त्याहून जास्त ओढते आणि मध्येच गायब होते. टेबलावर एकट्याने चाचणी करताना हे कळत नाही. शंभर मते एकदम लिहिली जातात तेव्हा कळते.

पायच्या अंगचे वायफाय वापरायचे नाही. त्याचा अँटेना सर्किट बोर्डावरच असतो, तो प्रयोगाच्या टेबलाभोवतीच्या दहाबारा फोनांपुरता ठीक.

घड्याळाची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण बॅटरी जोडली नाही तर वीज काढल्यावर वेळ विसरतो. नेट नसल्यामुळे ती पुन्हा मिळवायची सोयही नाही. मूडलमधली (चाचण्या घेण्याच्या वेब-प्रणालीतली) चाचणी 'आज ८ वाजता उघडेल' अशी लावलेली असते आणि सर्व्हरच्या मते अजून गेल्या आठवड्यातला शुक्रवार चालू असतो. पुन्हा भरता येणारी बॅटरी घेतली असेल तर तिचे चार्जिंग मुळात बंद असते. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून ते चालू करावे लागते.

२४ जून, मंगळवार

जाळे उभारले. एक ॲक्सेस पॉइंट फळ्याच्या वर अडीच मीटर उंचीवर, दुसरा मागच्या भिंतीवर तेवढ्याच उंचीवर. खाली ठेवले तर काम होत नाही: २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसांच्या अंगात शोषल्या जातात आणि भरलेल्या वर्गात सहाव्या रांगेच्या पुढे काही पोचत नाही. रिकाम्या खोलीतली मोजणी म्हणूनच निरुपयोगी.

चॅनेल: २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. आसपासच्या इमारतींतली घरगुती वायफाय मोजली तर ६ वर गर्दी, म्हणून पुढचा १ वर आणि मागचा ११ वर. ५ गिगाहर्ट्झमध्ये पुढचा ३६, मागचा ४४. रुंदी सगळीकडे २० मेगाहर्ट्झच. ४० किंवा ८० ठेवून एका फोनाचा वेग वाढतो, पण आपल्याला वेग नको आहे, एकाच वेळी शंभरांना थोडे थोडे हवे आहे. जुने १ ते ११ मेगाबिटचे दर बंद केले, सर्वांत कमी दर १२. एक जुना फोन १ मेगाबिटने बोलायला लागला की त्याचे बोलणे संपेपर्यंत बाकी सगळे गप्प बसतात. वायफाय म्हणजे शेवटी एकच माईक असलेली सभा. प्रसारशक्तीही कमी केली, नाहीतर पुढच्या बाकावरचे फोन मागच्या पॉइंटला चिकटून राहतात.

पत्ते, म्हणजे जाळ्यात प्रत्येक फोनाला मिळणारे आकडी आयपी पत्ते: १०.०.०.० पासून /२२, एकूण १०२२. पत्त्याची मुदत १ तास. ओपनडब्ल्यूआरटी मूळ सेटिंगमध्ये १५० पत्ते आणि १२ तासांची मुदत देते. ते तसेच सोडले तर ७.३० च्या तुकडीचे १२० फोन पत्ते अडवून बसतात आणि ८.१८ ला येणाऱ्या दुसऱ्या तुकडीला ३० उरतात. लक्षण ठरलेले: पहिल्या तासाला सगळे सुरळीत, दुसऱ्या तासाला बहुतेक फोनांवर 'आयपी पत्ता मिळवत आहे' आणि पुढे काहीच नाही. राउटर बंद-चालू केला की सगळे ठीक होते, म्हणून लोक राउटरलाच दोष देतात.

१ जुलै, मंगळवार

पाच-सहा प्रकारचे फोन घेऊन तपासणी. खरे घोडे इथे अडते.

नेट नसलेल्या वायफायला फोन वायफाय मानायला तयार नसतो. जोडल्याबरोबर अँड्रॉइड गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर चौकशी करतो आणि २०४ क्रमांकाचे उत्तर अपेक्षितो. ते आले नाही की 'इंटरनेट उपलब्ध नाही' म्हणतो आणि पाठीमागे मोबाइल डेटा वापरत राहतो. मग ब्राउझरमध्ये पायचा पत्ता १०.०.०.१ टाकला की ती विनंती मोबाइल कंपनीकडे जाते आणि पान उघडत नाही. वर वायफायचे चिन्ह दिसत असते, म्हणून विद्यार्थी म्हणतो, 'सर, कनेक्टेड आहे, पण उघडत नाहीये.' तो खरेच बोलतो.

उपाय तीन तपासले. पायने स्वतःच २०४ चे उत्तर द्यायचे: जुन्या फोनांवर चालते, पण नवे फोन एचटीटीपीएसवरूनही (सुरक्षित जोडणीवरून) चौकशी करतात, तिथे खोटे उत्तर देता येत नाही, आणि फोन 'मर्यादित कनेक्शन' असे सांगून पुन्हा विचारतो. 'तरीही जोडलेले राहा' दाबायला शिकवायचे: चालते, पण प्रत्येक कंपनीच्या फोनात ते बटण वेगळ्या जागी. तिसरा उपाय सर्वांत साधा: आधी एअरप्लेन मोड चालू, मग वायफाय चालू. मोबाइल डेटाचा रस्ताच बंद झाला की फोन निमूटपणे वायफाय वापरतो. शिवाय तासभर फोन वाजत नाही, त्यामुळे या उपायाला विभागातून कोणीही नन्नाचा पाढा लावणार नाही.

पत्ता नावाने द्यायचा नाही. एकच शब्द टाकला तर ब्राउझर तो गूगलवर शोधायला जातो, '.लोकल' शेपटीचे नाव जुन्या अँड्रॉइडला कळत नाही. आणि ज्यांनी जाहिराती अडवायला खासगी डीएनएस (नावावरून आकडी पत्ता शोधणारी सेवा) ठरवून ठेवला आहे त्यांच्या फोनात स्थानिक नाव उघडतच नाही. आकडेच बरे. बाकाच्या मध्यावर दोन क्यूआर चिकटवले: डावा वायफायला जोडणारा, उजवा मतपत्रिकेचा. एकच मोठा क्यूआर पडद्यावर दाखवला तर शेवटच्या रांगेतून कॅमेरा तो पकडत नाही, सगळे उठून पुढे येतात आणि दोन मिनिटे तिथेच गेली.

४ जुलै, शुक्रवार

मतदानासाठी मूडल वापरायचे नाही. मूडलचे एक पान उघडायला सर्व्हर पुष्कळ काम करतो. चार बटणांसाठी तो खटाटोप कशाला? पायथनमध्ये लहान पान लिहिले: रोल नंबर, चार अंकी संकेत, अ-ब-क-ड. पानाचे वजन ५ केबीच्या आत. चित्र नाही, बाहेरचा फॉन्ट नाही, फोनातला देवनागरी फॉन्ट पुरतो. दाबल्यावर बटणाचा रंग बदलतो आणि 'मत नोंदले' असे येते. ही ओळ नसली तर लोक तीन-तीन वेळा दाबतात. मतदान बंद होईपर्यंत मत बदलता येते.

पुढचा प्रश्न आला का, हे पानाने सर्व्हरला किती वेळाने विचारायचे? दर २ सेकंदांनी ठेवले तर १२० फोनांच्या सेकंदाला ६० विनंत्या. पायला त्या झेपतात, पण हवेतला वेळ फुकट जातो. ५ सेकंद ठेवले, म्हणजे सेकंदाला २४. मते एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठतात. त्याची वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची) चालू हवी आणि कुलूप असेल तर ५ सेकंद थांबण्याची मुभा हवी. हे नसेल तर शेवटच्या दहा सेकंदांतली गर्दी 'डेटाबेस बंद आहे' म्हणून परत जाते आणि नेमकी उशिरा विचार करणाऱ्यांची मते गळतात.

फोनाच्या मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या ओळख क्रमांकावरून) ओळख धरायची नाही. नवे फोन प्रत्येक जाळ्यासाठी बनावट मॅक तयार करतात. आणि मतदानाची नोंद हजेरी म्हणून वापरायची सूचना आली आहे, ती मान्य करू नये असे मत. हजेरी जोडली की मित्राचा संकेत टाकून दोन मते द्यायला सुरुवात होते आणि टक्केवारीवर विश्वास ठेवता येत नाही. गुण द्यायचेच तर भाग घेण्याचे द्यावेत, बरोबर उत्तराचे नकोत. बरोबर उत्तराला गुण ठेवले की जोडीतला हुशार बोलतो आणि दुसरा त्याचे बटण दाबतो.

८ जुलै, मंगळवार

प्रश्न लिहिणे हे सगळ्यात मोठे काम, आणि त्यासाठी कोणी वेळ धरत नाही. नमुना म्हणून एक प्रश्न पूर्ण.

'लोकल सरळ रुळावरून ताशी ७२ किलोमीटरच्या स्थिर वेगाने चालली आहे. डब्यात मधोमध उभ्या मुलीच्या हातून १.२५ मीटर उंचीवरून किल्ली सुटते. किल्ली कुठे पडेल?'

पहिल्या मसुद्यातला एक पर्याय '१० मीटर मागे' असा होता. हिशोबाने तो 'गाडी पुढे निघून जाते' या गैरसमजाचे नेमके रूप आहे: पडायला ०.५ सेकंद (गुरुत्वत्वरण १० धरून), तेवढ्यात गाडी सेकंदाला २० मीटरने १० मीटर जाते. पण १० मीटर म्हणजे जवळजवळ अर्धा डबा. रोज लोकलने येणारा कोणीही हा पर्याय निवडत नाही, आणि गैरसमज मात्र तसाच राहतो. म्हणून बदलले: (अ) बरोबर हाताखाली, (ब) थोडी मागे, (क) थोडी पुढे, (ड) मुलीचे तोंड कोणत्या दिशेला आहे त्यावर अवलंबून. आता गैरसमजाला 'थोडी मागे' हा बसायला जागा असलेला पर्याय मिळाला.

'दाराशी उभ्या' हे शब्द काढले, कारण दारातला वारा हा खरा आक्षेप आहे. 'डब्यातले पंखे बंद आहेत' हे वाक्य घातले, नाहीतर चर्चेची तीन मिनिटे पंख्यावर जातात.

दुसऱ्या मतदानानंतर लगेच टाकायचा जोडप्रश्न: किल्ली सुटते त्याच क्षणी मोटरमन ब्रेक लावतो, मंदन १ मीटर प्रति सेकंद वर्ग. किल्ली सुटतानाचाच वेग घेऊन पुढे जात राहते, डबा मात्र मंदावतो; फरक अर्धा गुणिले १ गुणिले ०.२५, म्हणजे १२.५ सेंटिमीटर पुढे. पहिल्या प्रश्नात शेजाऱ्याचे ऐकून 'अ' दाबणारा इथे पुन्हा 'अ'च दाबतो. नुसती नक्कल आणि समज यांतला फरक असा दुसऱ्या प्रश्नातच दिसतो. एकाच प्रश्नाची दोन मतदाने बघून 'वर्गाला समजले' असे लिहू नये.

१५ जुलै, मंगळवार

वर्गात पहिला पूर्ण तास. किल्लीच्या प्रश्नावर पहिल्या मतदानात 'अ' आणि 'ब' यांच्यात सरळ फाळणी, 'क' आणि 'ड' नावापुरते. चर्चेला याहून चांगली स्थिती मागून मिळत नाही.

पहिल्या मतदानाचा स्तंभालेख पडद्यावर दाखवायचा नाही. शिक्षकाच्या लॅपटॉपवर दिसतो, तेवढे पुरे. उंच खांब दिसला की वर्ग तिकडे झुकतो. पटले म्हणून नव्हे, बहुमत आहे म्हणून. प्रोजेक्टरला लॅपटॉपचा पडदा 'डुप्लिकेट' ठेवला असेल तर हे हटकून फुटते. 'एक्स्टेंड' ठेवावे.

तिसऱ्या बाकावरची चर्चा, ऐकली तशी:

'अगं, पण तोपर्यंत गाडी पुढे जाते ना?'
'मग तूही जातेस की गाडीबरोबर. किल्ली काय दादरलाच उतरली?'
'हातातून सुटल्यावर तिला ढकलतंय कोण?'
'थांबवतंय तरी कोण?'

शेवटचा प्रश्न म्हणजे न्यूटनचा पहिला नियम, आणि तो फळ्यावर लिहून दिल्यावर असा विचारला जात नाही. शिक्षकाने या वेळी बाकांमध्ये फिरावे, ऐकावे, उत्तर देऊ नये. 'सर, बरोबर काय?' ला 'शेजारी काय म्हणतोय?' एवढेच. तिघांच्या बाकावर मधला दोघांशी बोलतो आणि कडेचा एक रिकामा राहतो, म्हणून विषम रांगांनी मागे वळून सहांचा गट करायचा. वेगळे मत असलेला माणूस गटात सापडण्याची शक्यताही त्याने वाढते.

मतदानाला एक मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला. कारण जाळ्याचे नव्हते: रोल नंबर आणि संकेत दर प्रश्नाला पुन्हा टाकावा लागत होता. आता फोन तो दिवसभर लक्षात ठेवतो.

२२ जुलै, मंगळवार

फोन नसलेले, बॅटरी संपलेले आणि पडदा फुटलेले दर तासाला असतातच. त्यांना 'शेजाऱ्याच्या फोनवरून द्या' म्हटले की ते मत देतच नाहीत. त्यांच्यासाठी कागद: ए४ कागदाच्या चार घड्या, चार रंग, चार अक्षरे, छातीशी धरायचा, म्हणजे मागच्याला दिसत नाही. शिक्षक मोजतो आणि लॅपटॉपवर मिळवतो.

प्लिकर्सची छापील कार्डेही तपासली. शिक्षकाचा एकच फोन सगळी कार्डे टिपतो, कार्ड ज्या बाजूने वर धरले ते उत्तर. साध्या संचात ४० कार्डे, मोठ्यात ६३. १२० जणांना पुरत नाहीत, पण बाके ४० आहेत: बाकागणिक एक कार्ड, तिघांचे मिळून एक उत्तर, असा दुसऱ्या मतदानासाठी चांगला उपयोग होतो. चकचकीत लॅमिनेशन करू नये, ट्यूबलाइटची तिरीप पडली की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. जाड कार्डशीटवर साधी छपाई बरी. शिक्षकाच्या फोनला मात्र नेट लागते, तेव्हा त्याने खिडकीकडच्या बाजूला उभे राहावे.

२९ जुलै, मंगळवार

फेट सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळून पाहायचे विज्ञानाचे प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला; आताची एचटीएमएल५ सिम्युलेशन्स एकेक फाइल म्हणून उतरवून नेटशिवाय चालवता येतात, आणि बऱ्याच सिम्युलेशन्सचे मराठी रूपही आहे. प्रक्षेप्य गतीचे (तोफेतून गोळा उडवण्याचे) सिम्युलेशन पायवर ठेवले.

हिशोब आधी करावा. फाइल ३ एमबी धरली तर १२० फोनांना ३६० एमबी, म्हणजे २८८० मेगाबिट. भरल्या वर्गात सगळ्या रेडिओंचा मिळून खरा वेग सेकंदाला ६० मेगाबिट मिळाला तरी ४८ सेकंद, आणि तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. बाकागणिक एकच फोन केला तर १६ सेकंद. तिघांनी एका पडद्याकडे पाहणे हे अध्यापनाच्या दृष्टीनेही चांगले: एक सरकवतो, दुसरा अंदाज सांगतो, तिसरा लिहितो. आधी अंदाज लिहून मगच तोफ उडवायची, हा नियम कडक ठेवावा. नाहीतर मुले तोफ पन्नास वेळा उडवतात, मजा करतात आणि ४५ अंशांबद्दल काहीच न बोलता तास संपतो.

सर्व्हरने फाइल दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवावी आणि फोनाला ती आठवडाभर साठवायला सांगावे. दुसऱ्या वेळी काहीच उतरवावे लागत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

मूडल ४.५ आठवड्याच्या दहा मिनिटांच्या चाचणीसाठी. प्रश्नपेढी आयात करताना आलेल्या अडचणी, पुढच्यांसाठी:

विभागाकडचे जुने मराठी प्रश्न युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले. वर्डमध्ये छान दिसतात, मूडलमध्ये चिकटवले की इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉन्ट बदलून काही होत नाही, आतली अक्षरेच इंग्रजी आहेत. परिवर्तकातून युनिकोड करावे लागते आणि नंतर रफार, जोडाक्षरे, पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागते. समीकरणांतली चिन्हे तोच परिवर्तक बिघडवतो, म्हणून आधी समीकरणे वेगळी काढावीत. एक्सेलमधून नेताना साधी सीएसव्ही नको, 'सीएसव्ही यूटीएफ-८' हवी.

गिफ्ट स्वरूपात (मूडलमध्ये प्रश्न आयात करायच्या मजकूर-फाइलीत) महिरपी कंस, बरोबरचे चिन्ह, लहरी रेघ, हॅश आणि अपूर्णविराम (:) यांना अर्थ आहे. लॅटेक या गणित लिहिण्याच्या पद्धतीतले समीकरण महिरपी कंसांनी भरलेले असते. प्रत्येकाआधी उलटी तिरपी रेघ घातली नाही तर आयात मध्येच थांबते.

आकडी उत्तराचा प्रश्न देवनागरी अंक ओळखत नाही. मराठी कळफलक लावलेला विद्यार्थी १२.५ टाइप करतो, उत्तर बरोबर, गुण शून्य. सूचनेत 'अंक इंग्रजी कळफलकाने' हे ठळक लिहावे. आकडी उत्तराला सहनशीलता (थोडा फरक चालवण्याची मुभा) द्यावी, ९.८ आणि १० दोन्ही धरणाऱ्यांसाठी.

सगळ्यांनी एकदम 'सुरू करा' दाबले की पान पांढरे. डेबियनमध्ये (सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) पीएचपीचा, म्हणजे मूडल ज्या भाषेत लिहिले आहे तिचा, व्यवस्थापक मुळात एका वेळी फक्त ५ कामे चालवतो, बाकी रांगेत. ती मर्यादा ४० केली. कामामागे ६० एमबी धरले तरी २.४ जीबी, ८ जीबीत बसते. पण पायच्या प्रोसेसरला गाभे चारच, तेव्हा मर्यादा आणखी वाढवून वेग वाढणार नाही. सम रोल नंबरांनी अर्धा मिनिट उशिरा सुरू करायचे, हा फुकटचा उपाय जास्त उपयोगी. मूडलला पीएचपीची इनपुट मर्यादा ५००० लागते, नाहीतर तो बसवतानाच अडतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसामुळे सुट्टी. किल्लीसारखाच एक प्रश्न गूगल फॉर्मवर पाठवला. मते आली, पण मधली चर्चेची तीन मिनिटे नाहीत, त्यामुळे दुसरी फेरी घेण्यात अर्थ नव्हता.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गणपतीच्या सुट्टीआधी संच कपाटात. पाय आधी बटणाने बंद करायचा, दिवा लाल झाला की मगच प्लग काढायचा. मुंबईत वीज क्वचित जाते, पण व्यासपीठाजवळचा प्लग सैल आहे आणि खोली झाडताना शिपाईमामांचा पाय वायरला लागतोच; म्हणून छोटा यूपीएस. दमट हवेत केबलच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि गिगाबिटची जोडणी १०० वर घसरते. स्विचवरच्या दिव्याचा रंग बदललेला दिसला की केबल बदला, सेटिंगमध्ये शोधत बसू नका. डब्यात सिलिका जेल ठेवले.

९ सप्टेंबर, मंगळवार

विभागाच्या बैठकीसाठी टिपण. 'हे सगळे करून गुण वाढतात का?' याला दोन जुनी उत्तरे आहेत. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या ६५४२ विद्यार्थ्यांची यांत्रिकीतली प्रगती मोजली: पारंपरिक वर्गांत सरासरी सामान्यीकृत वाढ (मिळवायचे शिल्लक होते त्यातला मिळवलेला वाटा) ०.२३, परस्परसंवादी वर्गांत ०.४८. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र केले: नुसत्या व्याख्यानात नापासांचे प्रमाण ३३.८ टक्के, सक्रिय अध्ययनात २१.८. जवळचे उदाहरण पवईचे: आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या मोठ्या वर्गात आधी एकट्याने, मग जोडीने, मग सर्वांसमोर या पद्धतीवर २०१३ मध्ये शोधनिबंध आला.

या आकड्यांत फोन, क्लिकर (मत देण्याचे हातातले रिमोट) आणि सिम्युलेशन यांचे श्रेय वेगळे काढलेले नाही, हे बैठकीत स्पष्ट सांगावे. कागदी कार्डांवरही हीच पद्धत चालते. फोनाने मोजणी लवकर होते आणि लाजणाऱ्यांचे मत गुप्त राहते, एवढाच त्याचा दावा. स्मार्ट फलकाची मागणी याच बैठकीत पुढे येईल. त्याच्या पैशात असे अनेक संच होतील.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सत्राअखेरची मोजणी. जूनमध्ये दिलेली ३० प्रश्नांची बल-संकल्पना चाचणी पुन्हा, तीच, कागदावर. फोनवर नको, छायाचित्रे निघतात आणि पुढच्या वर्षी चाचणी कुचकामी होते. कागद तासाअखेर मोजून परत घ्यावेत.

सामान्यीकृत वाढ म्हणजे जेवढे मिळवायचे शिल्लक होते त्यातले किती मिळवले. आधी ३० टक्के, नंतर ५१ असेल तर २१ भागिले ७०, म्हणजे ०.३. दोन्ही वेळा हजर असलेल्यांचेच कागद धरायचे. जूनच्या सरासरीत सगळे आणि सप्टेंबरच्या सरासरीत टिकलेले, असे केले तर सोडून गेलेल्यांमुळेच आकडा फुगतो. उशिरा प्रवेश घेतलेल्यांची पहिली चाचणी नाही, त्यांना वगळले.

मतांच्या नोंदीतून प्रश्नही चाळायचे. पहिल्याच मतदानात जवळपास सगळे बरोबर येणारा प्रश्न पुढच्या वर्षी वर्गात नको, गृहपाठात टाका. ज्यावर चर्चेनंतर बरोबर मते कमी झाली तो शब्दरचनेसाठी पुन्हा तपासा. बहुतेक वेळा एखाद्या पर्यायात दोन अर्थ निघत असतात.

३० सप्टेंबर, मंगळवार

एसएसडीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती पायला जोडून सुरू करून पाहिली. नुसती प्रत काढून कपाटात ठेवलेली डिस्क ऐन वेळी सुरू होईलच असे नाही. बाकांवरचे क्यूआर अर्धेअधिक कोरले गेले आहेत. पुढच्या वेळी बाकाच्या वरच्या फळीवर न चिकटवता पुढच्या उभ्या फळीवर.

दुसऱ्या सत्रात विद्युत. पहिला प्रश्न लिहायला घेतला: एका बॅटरीला दोन सारखे दिवे एकसरीत, त्यातल्या एकाच्या दोन्ही टोकांना जाड तार जोडली, तर दुसऱ्याचे काय? 'मंद होतो' हा पर्याय ठेवायचा. वीज वाटेत खर्च होते असे मानणारे तिथे जातील. बॅटरीचा अंतर्गत रोध नगण्य, हे प्रश्नात लिहायचे राहिले आहे.